तोफा, खंजीर आणि पहाट

मराठी वृत्तपत्रांतील पुढारी आता नुसता बोलत नाही. तो तोफ डागतो, शरसंधान करतो, कानपिचक्या देतो, नाही तर शड्डू ठोकतो. त्याच्या मतदारसंघाचा बालेकिल्ला होतो. नाराज कार्यकर्ता बंडाचे निशाण फडकावतो आणि चार दिवसांनी तलवार म्यान करतो. एकेकाळी या शब्दांना धार होती. सभा गाजवणाऱ्या वक्त्याला 'मुलुखमैदान तोफ' म्हणताना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर विजापूरच्या बुरुजावरची ती अजस्र तोफ उभी राहत असावी. आज ती ना वार्ताहराला दिसते, ना वाचकाला. ('कानपिचक्या' मात्र आम्हाला अजून आवडतात, त्यांत घरच्या वडीलधाऱ्यांचा हात आहे.)

शब्द गुळगुळीत झाले एवढीच तक्रार असती, तर ती भाषेच्या शिक्षकांवर सोपवून आम्ही स्वस्थ बसलो असतो. परंतु रंगीत शब्द घटनेचीच जागा घेतो. जुलै १९७८ मध्ये शरद पवार वसंतदादा पाटलांच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडले, सरकार कोसळले आणि पुरोगामी लोकशाही दलाचे मुख्यमंत्री म्हणून पवारांनी शपथ घेतली. या प्रसंगाला 'पाठीत खंजीर' हे नाव चिकटले ते कायमचे. विश्वासघात झाला की नाही, हे वाचकाने ठरवावे. पण त्या वर्षीची विधानसभा निवडणूक दोन्ही काँग्रेस पक्षांनी परस्परांविरुद्ध लढवली होती, सर्वांत मोठा पक्ष जनता पक्ष ठरला होता आणि वसंतदादांचे सरकार हीच मुळी निकालानंतरची तडजोड होती, हे सारे खंजिराच्या चकाकीत दिसेनासे होते. आमच्या घरांतील तरुणांना खंजीर ठाऊक आहे. तडजोड ठाऊक नाही.

याहून सूक्ष्म नमुना म्हणजे 'पहाटेचा शपथविधी'. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी राष्ट्रपती राजवट उठवणारा आदेश पहाटे पावणेसहाच्या सुमारास निघाला, हे खरे. देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला तो सकाळी आठच्या सुमारास. आठ वाजता आमच्याकडे कोणी पहाट म्हणत नाही. तोवर पहिली मिस्सा आटोपून मंडळी घरी परतलेली असतात. पण 'पहाट' म्हटले की चोरपावले आपोआप ऐकू येतात. बहुमत सिद्ध न करताच २६ तारखेला दोघांनी राजीनामे दिले, ही बातमी पुरेशी गंभीर होती. तिला काळोख उसना आणण्याची गरज नव्हती.

कोणी विचारील, आचार्य अत्रे काय सौम्य होते? मुळीच नाही. १९५६ मध्ये सुरू झालेल्या 'मराठा'त त्यांनी विरोधकांची यथेच्छ रेवडी उडवली, कधी कधी सभ्यतेची वेस ओलांडूनही. मात्र तो आवाज अत्र्यांचा आहे, हे वाचणारा जाणून असे. बातमीत शिरलेल्या विशेषणाला असा धनी नसतो.

एक शब्द तर आम्हाला बोचतोच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, खऱ्याखुऱ्या पहाटे, किल्लारी परिसरात हजारो माणसे झोपेतच घरांच्या दगडमातीखाली गाडली गेली. त्यानंतर तरी 'राजकीय भूकंप' मथळ्यांतून हद्दपार होईल, असे वाटले होते. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली. दोन्ही वेळा तो भूकंप पुन्हा छापून आला.