पडदा शाळेचा, प्रश्न कुणाचा?

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर नळदुर्ग मागे टाकले की पुढे जळकोट लागते. लातूर जिल्ह्यातील तालुक्याचे जळकोट वेगळे. हे धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील. गावाच्या नावात जळ आहे, पण हा भाग पाण्याचा हिशेब जपून करणाऱ्यांचा. आकाशाकडे पाहत पेरणीची तारीख ठरवणाऱ्या घरांतील मुले इथल्या शाळांत बसतात.

अशा एका शाळेत आठवीच्या वर्गात जलचक्राचा पाठ चालू आहे अशी कल्पना करू. भिंतीवरच्या पडद्यावर निळा समुद्र येतो, वाफ वर जाते, ढग बनतो, हिरव्या डोंगरावर पाऊस पडतो. सात मिनिटांत चित्रफीत संपते. मुले खूष, शिक्षकही खूष. तेवढ्यात मागच्या बाकावरची मुलगी विचारते, "सर, काल आमच्या शेतात पाऊस झाला आणि गावात थेंबही नाही. असं कसं?" चित्रफितीत याचे उत्तर नाही. तास संपत आलेला असतो. "नंतर बघू," असे म्हणून संगणक बंद होतो.

असा तास आपण सर्वांनी पाहिला आहे, बहुतेकांनी घेतलाही आहे. त्यात वाईट काही नाही. पण त्या तासाला आपण 'डिजिटल शिक्षण' म्हणतो आणि तिथेच थांबतो, हे मात्र तपासून पाहिले पाहिजे. माझी तपासणीची कसोटी साधी आहे : शिकण्याची आखणी कुणी केली? प्रश्न कुणी विचारला, माहिती कुणी गोळा केली, ती कशी मांडायची हे कुणी ठरवले आणि उत्तर बरोबर की चूक हे कुणी पारखले? या चारही जागी मूल नसेल, तर फळ्याच्या जागी पडदा आला, एवढाच बदल झाला.

हा विचार नवा नाही. सीमोर पॅपर्ट यांनी 'माइंडस्टॉर्म्स' हे पुस्तक लिहिले ते 1980 साली. संगणकाने मुलाला चालवू नये, मुलाने संगणकाला चालवावे, हा त्याचा गाभा. त्यासाठी लोगो ही संगणकभाषा होती. मूल पडद्यावरच्या कासवाला आज्ञा देई, कासव चुकीच्या दिशेला गेले की आपली आज्ञा कुठे चुकली हे शोधी आणि भूमिती शिके. आपल्या देशात 1984 साली 'क्लास' योजनेतून शाळांमध्ये बीबीसी मायक्रो संगणक आले. पण योजनेमागून योजना येत गेल्या, तरी संगणकाचे सुटे भाग पाठ करणे हाच अनेक शाळांतील संगणकाचा तास राहिला. यंत्र आले, विचार बाहेरच राहिला.

आता महाराष्ट्रातील चार प्रयत्न या कसोटीवर लावून पाहू.

पहिला शेजारच्याच सोलापूर जिल्ह्यातला. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड बसवले. कोड मोबाईलने टिपला की कविता ऐकू येई, चित्रफीत दिसे, प्रश्न समोर येत. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड आले, आणि 'दीक्षा' या व्यासपीठाच्या जोडीने देशभर पसरले. 2020 साली डिसले यांना 10 लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली. एका खेड्यातील शिक्षकाच्या युक्तीची अशी दखल घेतली गेली, याचा आपल्याला अभिमानच वाटावा. या युक्तीने मुलाला एक खरी गोष्ट दिली : वेळ आणि गती त्याच्या हाती आली. समजले नाही तर ते पुन्हा पाहू शकते. पण चौकोनामागे काय ठेवायचे हे आधीच कुणीतरी ठरवलेले असते. युक्ती शाळेतून छापखान्यात गेली की हे अधिकच खरे ठरते. मूळ शिक्षकाने आपल्या वर्गातील मुले डोळ्यांसमोर ठेवून कोड बनवले. छापील पुस्तकातील कोडाला कुठलेच मूल ठाऊक नसते.

दुसरा प्रयत्न रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैरात या छोट्या वस्तीवरचा. 2007 साली तिथल्या एकशिक्षकी शाळेत 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक मोहिमेचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. यंत्र मुलाच्या मालकीचे, घरी नेता येण्याजोगे. मोहिमेची मूळ कल्पना पॅपर्ट यांचीच होती. पण हीच यंत्रे पेरू देशात मोठ्या संख्येने वाटली गेली आणि 319 शाळांची पाहणी 2012 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा गणित व भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. सर्वसाधारण विचारकौशल्यांत काही सुधारणा दिसली. यातून यंत्रे निकामी ठरत नाहीत. यंत्र दिल्याने प्रश्न दिला जात नाही, एवढे ठरते.

तिसरा प्रयत्न सर्वांत गाजलेला. सुगत मित्रा यांनी 1999 साली दिल्लीत कालकाजी येथे भिंतीत संगणक बसवला आणि वस्तीतील मुले कुणी न शिकवता तो वापरू लागली. 2013 साली त्यांना 10 लाख डॉलरचा 'टेड' पुरस्कार मिळाला. त्यातून उभ्या राहिलेल्या सात प्रयोगशाळांपैकी एक आपल्या फलटणला होती. पद्धत अशी : शिक्षकाने एक मोठा प्रश्न द्यायचा, चार-पाच जणांच्या गटाला एक संगणक, गटांनी हवे तिथून उत्तर शोधायचे, एकमेकांचे पाहायलाही मुभा, शेवटी सर्वांनी मांडायचे. इथे शोधाची वाट मुलांच्या हाती येते आणि ही मोठी पायरी आहे.

तरी टीकाकारांचे म्हणणे ऐकायलाच हवे. मार्क वॉरशॉअर यांनी दिल्लीतील जागा पाहून 2003 साली लिहिले की, आंतरजाल क्वचितच चाले, हिंदीतून काही नव्हते आणि मुले बहुतेक वेळ चित्रे रंगवण्यात व खेळात घालवत. पायल अरोरा यांना अल्मोडा भागातील अशी केंद्रे पुढे ओस पडलेली आढळली. मित्रा यांच्या स्वतःच्या तमिळनाडूतील प्रयोगातही, विषय न जाणणारी पण पाठीशी उभी राहून कौतुक करणारी ताई आल्यावर मुलांचे गुण वाढले. म्हणजे शिक्षक वजा केला की शिक्षण शिल्लक राहते, हे अनुमान त्या प्रयोगातूनही निघत नाही. माझा मुख्य आक्षेप मात्र चौथ्या जागेबद्दल आहे. पडद्यावर सापडलेले उत्तर खरे की खोटे, हे मूल कशावरून ठरवणार? चार संकेतस्थळांनी तेच सांगितले म्हणून? चौघांनी एकमेकांचेच उतरवले असेल तर?

चौथा प्रयत्न पुणे जिल्ह्यातील पाबळचा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचे आणि ते काम गावाच्या उपयोगाचे असायचे, ही तिथली शिस्त. 2002 साली तेथे फॅब लॅब, म्हणजे संगणकावर आखलेली वस्तू यंत्राने घडवण्याची कार्यशाळा उभी राहिली. अशा कार्यशाळेत मुलाने दिव्याची जोडणी आखली आणि दिवा लागला नाही, तर ते शिक्षकाला सांगावे लागत नाही. पारखण्याचे काम वस्तूच करते. चौथ्या जागेचा प्रश्न इथे सुटतो. म्हणून चौघांत मी पाबळला सर्वांत वर ठेवतो, जरी पुरस्कारांच्या बातम्यांत ते नाव क्वचित दिसते.

"आमच्याकडे फॅब लॅब कुठली?" असे कुणी म्हणेल. नको. जळकोटच्या त्या मुलीचा प्रश्न आहे ना? त्यालाच हात घालू.

सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली, तिच्यावर नरसाळे, शेजारी पट्टी. झाले पर्जन्यमापक. मुलांनी गट करून तो बनवायचा, कसा ते त्यांनीच ठरवायचे. एक गट जास्त पाणी जमावे म्हणून मोठे नरसाळे लावील. बाटलीचा व्यास 5 सेंटिमीटर, नरसाळ्याचा 10. मग 10 मिलिमीटर पावसाला त्या गटाची पट्टी 40 दाखवील. शेजारचा गट भांडेल. त्या भांडणात व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होते हे सूत्र मुलांना सापडेल. आता ते फळ्यावर लिहिले तरी चालेल.

मग बाटल्या गावात, शेतांत, तांड्यांवर जातील. रोज सकाळी साडेआठला वाचन, कारण हवामान खात्याची वेळ तीच. मोबाईल इथे कामाला येतो : वाचनाचा तारखेसह फोटो, सर्वांचे आकडे एका तक्त्यात, तक्त्यावरून आलेख. एका दिवशी आकडे येतील 22, 31 आणि 9. नऊ का? बाटली कडुनिंबाखाली होती? कुत्र्याने पाडली? की तिथे खरेच कमी पाऊस झाला? कोणता आकडा ठेवायचा, कोणता गाळायचा आणि का, याचे नियम वर्गाने करायचे. शिकण्याची आखणी म्हणतात ती हीच.

या आकड्यांचे गावाला महत्त्व आहे. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला, तर ती अतिवृष्टी मानली जाते आणि नुकसानभरपाईची चर्चा त्या आकड्यावरून सुरू होते. मंडळाचे मापक एका ठिकाणी, शेते अनेक ठिकाणी. मुलांची बाटली सरकारी पुरावा ठरणार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगावे. पण एका मापकाचा आकडा सगळ्या मंडळाला का लावतात आणि त्यात काय निसटते, हे त्यांना स्वतःच्या तक्त्यावरून कळेल. घरी सोयाबीन पाण्यात गेलेल्या मुलासाठी ते परीक्षेपुरते ज्ञान राहणार नाही.

गणितही मिळेल. शाळेचे छप्पर 100 चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस 700 मिलिमीटर धरला, तर 70,000 लिटर पाणी छपरावर पडते. 200 मुलांना रोज एक लिटर दिले तर ते 350 दिवस पुरेल. काही पाणी उडेल, काही गळेल. किती, हा पुढचा प्रश्न मुलांचाच.

अडचणी खऱ्या आहेत. वीजबिल थकले की जोडणी तुटते. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा आपण पाहिले की घरात मोबाईल एकच असतो, तो वडिलांबरोबर शेतावर जातो, आणि मुलीची पाळी शेवटी येते. म्हणूनच वरच्या आखणीत पाच-सहा मुलांत एक मोबाईल पुरतो, आणि तोही नसला तर वही चालते. अभ्यासक्रम मागे पडेल ही भीतीही खरी. पण क्षेत्रफळ, आकारमान, सरासरी, आलेख आणि जलचक्र इतके घटक एका बाटलीत बसत असतील, तर हिशेब फार तोट्याचा नाही.

युनेस्कोच्या 2023 च्या जागतिक शिक्षण अहवालाने तंत्रज्ञानाबद्दल विचारले की, हे साधन नेमके कुणाच्या अटींवर? शाळेला पडदे किती मिळाले याची नोंद तपासणीच्या अर्जात होते. मुलांनी स्वतः विचारलेल्या किती प्रश्नांचा शाळेने पाठपुरावा केला, हा रकाना अजून कुठल्याच अर्जात मी पाहिलेला नाही. तो आपल्या टाचणवहीत आपणच आखावा. वर्षात एक घटक पुरे. मागच्या बाकावरून प्रश्न आला की संगणक बंद करण्याऐवजी विचारावे, "हे कसं शोधायचं, सांगा बरं?"