बेरीज बरोबर, महिना चूक

भारतीय हवामानशास्त्र विभागाचे पुणे येथील कार्यालय देशभरच्या दैनिक पावसाची आकडेवारी चौकटींच्या रूपात देते. प्रत्येक चौकट पाव अंशाची, म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे २८ कि.मी. २०१४ साली मांडलेल्या या संचासाठी ६,९५५ केंद्रांच्या नोंदी वापरल्या होत्या. १९०१ पासूनचा असा दैनिक इतिहास हाताशी असणे ही मोठीच कमाई होय. आक्षेप आहे तो या फायली संगणकाकडून आपोआप जोडून ‘मासिक पाऊस’ म्हणून एकच आकडा पुढे करण्याच्या सवयीवर.

पहिला प्रश्न, दिवस कोणता? आपल्याकडे पाऊस सकाळी ८.३० ला मोजतात आणि मागील २४ तासांचे माप त्याच तारखेला लिहितात. म्हणूनच २६ जुलै २००५ च्या प्रलयाचे सांताक्रूझचे ९४४ मि.मी. हे माप २७ तारखेच्या रकान्यात आहे. तोच पाऊस ३१ जुलैला पडता, तर बहुतेक सारा ऑगस्टमध्ये मोजला गेला असता! पापडीच्या एखाद्या शाळेने ११ वाजता माप घेतले, तर विभागाच्या आकड्यांशी तिची दिवसवार तुलना फसेल.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. नोंद नसलेल्या जागी या फायलींत उणे ९९९ हा संकेत असतो. तो चुकून बेरजेत आला तर उत्तर ऋण येते आणि चूक लगेच उघडी पडते. पण आज्ञावलीने त्या जागी मुकाट्याने शून्य धरले तर? समजा, महिन्याचा खरा पाऊस ८०० मि.मी. असून २०० मि.मी.चा एक दिवस गहाळ आहे. संगणक ६०० सांगेल. उरलेल्या ३० दिवसांच्या सरासरीने भर घातली तरी ६२० च होतील. वीज जाते, रस्ते बंद होतात ते दिवस बहुधा मोठ्या पावसाचेच असतात. तेव्हा गहाळ दिवस सरासरी दिवसासारखा मानता येत नाही. ‘पाऊस नाही’ आणि ‘माहिती नाही’ यांतील फरक पुसणे हे विज्ञान नव्हे.

तिसरा प्रश्न जागेचा. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३ मि.मी. पाऊस झाला, अंतर पाव अंशाहून कमी! १० जुलै २०१८ ला वसई-विरार पट्ट्यात रुळांवर पाणी चढून लोकल बंद पडल्या. जुलैची एकूण बेरीज ही गोष्ट सांगत नाही.

म्हणून मासिक संचाकडून आपण चार गोष्टी मागाव्यात : किती दिवसांच्या फायली जोडल्या, त्या दिवसांची सीमा कोणती, गहाळ दिवस कोणते, आणि सर्वांत मोठा एक दिवस किती मि.मी.चा. वर्गात विद्यार्थ्यांकडून एका महिन्याची बेरीज हातानेच करून घ्यावी. जुलैला ३१ रकाने भरले का, हे मोजायला संगणक लागत नाही. पण ते मोजल्यावाचून संगणकाच्या उत्तरावर विश्वास ठेवू नये.