पालक-मासिकांतील सुंता : प्रश्नाची मांडणी

नवजात मुलाच्या सुंतेविषयी पालक-मासिकांत येणाऱ्या लेखनाचा साचा बहुतांशी अमेरिकन आहे. एका बाजूस फायदे, दुसऱ्या बाजूस धोके आणि शेवटी 'निर्णय तुमचा'. तेथील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची भाषाही अशीच सावध आहे. १९९९ साली तिने सरसकट शिफारशीस पुरावा अपुरा मानला. २०१२ साली फायदे अधिक असल्याचे म्हटले, तरी सरसकट शिफारस टाळलीच.

परंतु पांढुर्णा-सौसरच्या मुस्लिम घरात 'करावी की नाही' हा प्रश्नच नसतो. तेथील प्रश्न निराळे : कोणत्या वयात, हज्जामाकडून की सर्जनकडून, भूल देऊन की तशीच? मासिकांचा तराजू येथे निरुपयोगी ठरतो. मराठी आरोग्यलेखनात तर सुंता बहुधा 'फायमोसिस'वरचा उपाय म्हणूनच भेटते; 'सुन्नत'वरून आलेला हा शब्द आपले घर विसरला म्हणायचा! त्यातही नवजाताची त्वचा आतून चिकटलेली असणे नैसर्गिक आहे, हे गेर्डनर यांनी १९४९ सालीच दाखविले होते.

ज्याने मूल वाचते, ती माहिती मात्र तळटीपेत जाते किंवा गळते. घरात रक्त न गोठण्याचा आजार असेल तर आधी तपासणी हवी. लघवीचे छिद्र जन्मतः खालच्या बाजूस असेल तर सुंता थांबवावी, कारण दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेत तीच त्वचा लागते. हे हज्जामाला कोणी सांगायचे? मासिक तर त्याला वाचक समजतच नाही.