कच्चा रंग, पक्का रंग

मंडळी, वरूडात बसून नैसर्गिक रंगाच्या वस्त्रकलेवर बोलायचं, तर आधी संत्र्याचा हिशेब करावा लागतो. शेंदूरजना घाट, जरूड, वरूड हा सगळा पट्टा संत्र्याचा. साहजिकच कुणालाही वाटतं की संत्र्याची सालं उकळली, त्यात कापड टाकलं, की कापड नारिंगी होईल. होत नाही. सालीचा नारिंगीपणा ज्या द्रव्यांमुळे असतो ती तेलात विरघळतात, पाण्यात नाहीत. सुताच्या वाट्याला येतो तो फिका, ताकासारखा पिवळा. डोळ्यांनी पाहिलेला रंग आणि कापडाला मिळालेला रंग एकच नसतो. आमचं आजचं सगळं म्हणणं या फरकाभोवती आहे.

कारण गेल्या काही वर्षांत वस्त्रकलेची जी प्रदर्शनं आम्ही पाहतो, त्यात भिंतीवरच्या चिठ्ठीवर दोन शब्द हमखास असतात, ‘स्मृती’ आणि ‘निसर्ग’. खाली कापड टांगलेलं असतं. हिरड्याचा मातकट पिवळा, लोखंडाचा करडा, मधे एखाद्या पानाचा छाप. दिसायला सुंदर, यात वाद नाही. पण आम्ही विचारतो, आठवण कुणाची? आणि निसर्ग कुठला? पानाचा छाप निलगिरीचा असेल, तर हे झाड ऑस्ट्रेलियातून आलेलं. त्याची आठवण इथल्या कुणाला किती जुनी असणार? आपल्या सातपुड्याच्या पायथ्याशी सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो, हे शेतावर वाढलेल्या पोराला सांगावं लागत नाही. पण ते पान प्रदर्शनात क्वचितच दिसतं. म्हणजे बघा, आठवण चिठ्ठीवर आहे, कापडात नाही.

आता आपल्या भाषेतच या कलेची कसोटी आहे. आपण म्हणतो कच्चा रंग, पक्का रंग. पळसाच्या फुलांचा रंग कच्चा, होळीत खेळायला चांगला, उन्हात उडून जाणारा. हळद कच्ची. करडईच्या पाकळ्यांचा कुसुंबी लाल तर फारच नाजूक. करडई आपल्याकडं आहे, पण आता ती फक्त तेलाची. उलट नीळ, मंजिष्ठा, आल हे पक्के. आलीचं झाड तीन-चार वर्षांचं झालं की मुळं खणून काढायची, आणि त्या मुळांतून लाल मिळायचा. १८६८ मध्ये जर्मनीत मंजिष्ठेतलं रंगद्रव्य प्रयोगशाळेत बनलं, १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली, आणि या शेतीचा पाया सुटला. रंगारी, निराळी ही नावं मात्र आपल्यात अजून आहेत. धंदा गेला, आडनाव राहिलं. स्मृतीवर काम करणाऱ्या कलाकाराला यापेक्षा आणखी काय हवं, सांगा!

आमचा मुद्दा असा की कच्चा रंग वापरायचा की पक्का, हा फक्त कारागिरीचा प्रश्न नाही, अर्थाचा आहे. विटणारा रंग मुद्दाम निवडून कुणी म्हणालं की हे कापड दहा वर्षांनी पांढरं होईल आणि तेच मला दाखवायचंय, तर आम्ही हात जोडू. पण कच्चा रंग वापरून ते कापड मंद दिव्यात काचेमागं जपायचं, आणि वर ‘निसर्गाची क्षणभंगुरता’ लिहायचं, हे आम्हाला पटत नाही.

जिथं हे जमलंय असं काम दाखवायचं, तर आम्ही लावण्या मणी यांचं नाव घेऊ. हैदराबादला जन्म, काम बडोद्यात. सुती कापडावर नैसर्गिक रंग, कलमकारीची पद्धत, आणि विषय वसाहतकाळातला व्यापार आणि प्रवास. कलमकारीत लाल रंग थेट रंगवत नाहीत. हिरड्याचं संस्करण झालेल्या कापडावर तुरटीचं पाणी कलमानं लावायचं. ते धड दिसतही नाही. मग कापड रंगाच्या पाण्यात उकळायचं, आणि जिथं तुरटी बसली असेल तिथंच लाल पक्का धरतो. काळ्या रेघा गूळ आणि गंजक्या लोखंडाच्या आंबवणीतून येतात. म्हणजे हात आधी चालतो, चित्र नंतर उघडतं. आठवणीचं असंच असतं, पण ते सांगायला इथं चिठ्ठी लागत नाही. शिवाय हेच रंगीत कापड युरोपात एवढं खपायला लागलं की फ्रान्सनं १६८६ मध्ये त्यावर बंदी घातली. ज्या तंत्रानं तो व्यापार उभा राहिला, त्याच तंत्रात त्याची गोष्ट सांगायची, याला आम्ही स्मृती म्हणतो.

आणि आपल्या शेजारचं उदाहरण वर्ध्याचं, मगन संग्रहालय. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींनी त्याचं उद्घाटन केलं, आणि आज तिथं खादी नैसर्गिक रंगांत रंगते. कुणी म्हणेल, ती कला कुठं, ते तर कापड! पण ते कापड अंगावर चढतं, धुतलं जातं, दोरीवर वाळतं. रंगाची परीक्षा तिथं दर आठवड्याला होते. दालनातल्या कापडाला ही परीक्षा द्यावीच लागत नाही, ही त्याची मोठी सवलत आहे.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडं दडलेली राहते, ती म्हणजे पाणी. कापड खळायला, हिरड्यात बुडवायला, तुरटीनंतर धुवायला, उकळल्यावर पुन्हा धुवायला पाणीच पाणी लागतं. वरूड-मोर्शीत भूजल किती खोल गेलंय, आंबिया बहाराला पाणी पुरवताना काय होतं, सुकलेल्या बागा तोडताना काय वाटतं, हे आम्ही तुम्हाला काय सांगणार? तेव्हा उद्या कुणी वरूडच्या संत्र्याच्या आठवणींवर कापड रंगवून आणलं, तर आम्ही आधी विचारू की हे धुतलं कुठल्या पाण्यात. नारिंगी दिसला, तर सालीचा नाही एवढं आता तुम्हालाही ठाऊक आहे. फिका पिवळा असला, तर मात्र जवळ जाऊन बघू.