इंग्रजी लेखनातील चुका आणि ‘मातृभाषेचा प्रभाव’ : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना :
महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांत इयत्ता पहिलीपासून इंग्रजी विषय शिकविला जातो. तरीही पदवीच्या प्रथम वर्षात आलेल्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजी लेखनात काही ठरावीक चुका वारंवार आढळतात. या चुकांची मीमांसा करताना ‘मातृभाषेचा प्रभाव’ हे कारण सहजपणे पुढे केले जाते. हे कारण कितपत पुरेसे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सैद्धांतिक पार्श्वभूमी :
रॉबर्ट लॅडो यांनी १९५७ मध्ये दोन भाषांच्या तुलनेतून अध्ययनातील अडचणींचा अंदाज बांधता येतो, अशी भूमिका मांडली. पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये चुकीकडे दोष म्हणून न पाहता, विद्यार्थ्याच्या मनात घडत असलेल्या नियमव्यवस्थेचा पुरावा म्हणून पाहिले. लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये या व्यवस्थेला ‘आंतरभाषा’ ही संकल्पना दिली. आपल्या वर्गांतील व्यवहार मात्र बहुतांशी लॅडो यांच्याच टप्प्यावर थांबलेला दिसतो.

विवेचन :
मातृभाषेचा प्रभाव नाकारता येत नाही. ‘त्याला सांगितले’ यातील ‘ला’ प्रत्यय ‘आय टोल्ड टू हिम’ या वाक्यात उतरतो. ‘प्रश्नाबद्दल चर्चा केली’ या रचनेतून ‘डिस्कस्ड अबाउट’ येते. मराठीत इंग्रजीसारखी उपपदे नसल्याने ‘अ’ आणि ‘द’ गळतात.

परंतु ‘ही गो टू कॉलेज’ या वाक्याचे काय? मराठीत ‘तो जातो’, ‘ती जाते’, ‘ते जातात’ अशी पुरुष, लिंग व वचनानुसार क्रियापदाची रूपे बदलतात. जो विद्यार्थी मातृभाषेत ही गुंतागुंत लीलया सांभाळतो, तोच इंग्रजीतील एका ‘एस’पाशी अडखळतो. अगदी भिन्न मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांतही हीच चूक आढळते. तेव्हा येथे मराठीला दोष देता येणार नाही.

‘ही डिड नॉट वेंट’ हे उदाहरण अधिक बोलके आहे. ‘तो गेला नाही’ या मराठी वाक्यात भूतकाळी रूप कायम राहते. म्हणून हा मराठीचा परिणाम वाटतो. मात्र इंग्रजी हीच मातृभाषा असलेली लहान मुलेही बोलताना अशी चूक करतात. म्हणजे एकाच चुकीची दोन कारणे संभवतात आणि केवळ उत्तरपत्रिका पाहून त्यांपैकी खरे कोणते, हे ठरविता येत नाही. कारण वेगळे असेल तर उपायही वेगळा असावा लागतो. लाल शाईची खूण मात्र दोन्ही ठिकाणी सारखीच असते.

याहून गंभीर बाब न दिसणाऱ्या चुकांची आहे. जॅकलिन शॅक्टर यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले की, चिनी व जपानी विद्यार्थ्यांच्या लेखनात संबंधदर्शक उपवाक्यांच्या चुका फारसी व अरबी भाषक विद्यार्थ्यांपेक्षा कमी होत्या. कारण ते ती रचनाच कमी वापरत होते. आपल्याकडेही पाठ केलेली चार छोटी वाक्ये लिहिणाऱ्याची उत्तरपत्रिका स्वच्छ राहते, तर स्वतःचा विचार स्वतःच्या शब्दांत मांडू पाहणाऱ्याची लाल होते. चुका मोजून गुण देणारी पद्धत अशा रीतीने धाडसाला शिक्षा आणि पाठांतराला बक्षीस देते. यातून विद्यार्थी इंग्रजी शिकत नाही. तो लिहिण्याचे टाळायला शिकतो.

समारोप :
शंभर-सव्वाशे विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येक चुकीचे मूळ शोधणे प्राध्यापकाला शक्य नाही, हे मान्य करावे लागेल. तथापि एका लेखनकार्यात एकाच प्रकारच्या चुकीकडे लक्ष देणे, दुरुस्ती विद्यार्थ्याकडून करवून घेणे आणि ‘असे का लिहिले?’ हा प्रश्न मराठीतून विचारणे शक्य आहे. त्याच्या उत्तरातून कारणाचा माग अधिक नेमका लागू शकतो. तसेच मूल्यमापनात नव्या रचनेच्या प्रयत्नासाठी काही गुण राखून ठेवणे इष्ट ठरेल. ‘मातृभाषेचा प्रभाव’ हा शब्दप्रयोग चिकित्सेचा आरंभ ठरावा. आज तो बहुधा तिचा शेवट ठरतो.