सावलीचा नकाशा, रेघांचा नकाशा

नकाशाची ग्रंथासारखी समीक्षा करावी काय, असे आमच्या काही सभासदांस वाटेल. जनरल ग्वियोम-आंरी ड्यूफूर यांचा स्वित्झर्लंडचा स्थलदर्शक नकाशा ज्यांनी पाहिला, त्यांस ही शंका उरत नाही. १८४५ ते १८६५ या काळात तो १:१,००,००० या प्रमाणावर पंचवीस पत्रकांत प्रसिद्ध झाला. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या असंख्य बारीक रेघांनी उतार दाखविले आहेत. प्रकाश वायव्येकडून येतो असे धरून पलीकडची बाजू काळवंडविली आहे. आल्प्सची शिखरे कागदावरून उठून येतात. कोरीवकाम म्हणून त्याची थोरवी आम्हांस मान्यच आहे.

आमचा आक्षेप त्या प्रकाशाला आहे. मध्यान्हीचा सूर्य तेथे दक्षिणेस असतो. ज्या उन्हाळ उतारांवर द्राक्षमळे पिकतात, तेच नकाशात अंधारात बुडतात. डाव्या कोपऱ्यातला उजेड डोळ्यांच्या सवयीचा, म्हणून सूर्याने जागा बदलावी! त्यात सारे एकाच काळ्या शाईत. कड्याखालचे चिमुकले सरोवर आणि त्याच्या काठची पायवाट त्या रेघांच्या दाटीत शोधीत बसावे लागते.

नवल असे की, मूळ मोजणीच्या हस्तलिखित पत्रकांत समोच्च रेषा होत्या. छापील नकाशात त्यांची जागा सावलीने घेतली. ड्यूफूर यांच्यामागून आलेल्या हेर्मान झीगफ्रीड यांनी १८७० पासून ती पत्रके सुधारून, आल्प्सपुरती १:५०,००० प्रमाणावर, छापावयास घेतली. जमिनीवर तपकिरी समोच्च रेषा, बर्फावर निळ्या. पाणी निळे, खडक व वाटा काळ्या. हे साक्षेपी संपादकाचे काम आहे. देखणेपणात ते उणे असेल, तरी आम्ही झुकते माप त्यालाच देतो.

बर्न प्रांतातील ट्रिफ्ट हिमनदीचे उदाहरण घ्या. पर्वतारोहकांच्या निवाऱ्याकडे जाणारे पूर्वी तिच्या जिभेवरूनच पलीकडे जात. या शतकाच्या आरंभी ती जीभ वितळली, तेथे सरोवर झाले आणि वाट तुटली. म्हणून २००४ मध्ये झुलता पूल बांधला. २००९ मध्ये त्याच्या जागी सुमारे १७० मीटर लांबीचा दुसरा आला. जुन्या पत्रकावर हे सरोवर नाही, ही काही मोजणीदारांची चूक नव्हे. उलट, तेथल्या निळ्या रेषांवरून त्या काळी बर्फ किती उंच होता हे आज ताडून पाहता येते. ड्यूफूर यांच्या सावलीतून ते इतक्या बारकाईने कळले नसते.