अगदी विकतच्यासारखं!

घरी केलेल्या वस्तूला आपल्याकडे मिळणारी सगळ्यात मोठी दाद म्हणजे "अय्या, अगदी विकतच्यासारखं दिसतंय!" मग तो आकाशकंदील असो, रुखवतातला सुपाऱ्यांचा गणपती असो, नाहीतर बाळाचं लोकरीचं टोपडं. दाद देणाऱ्याच्या मनात खोट नसते आणि घेणाराही खूश होतो. गंमत अशी की दुकानात गेलं की नेमकी उलटी पाटी दिसते. तिथे विकतच्या वस्तूवर 'हँडमेड'चं लेबल असतं आणि त्या लेबलाचे चार पैसे जास्त मोजावे लागतात. म्हणजे घरातली वस्तू दुकानातल्यासारखी दिसली की चांगली आणि दुकानातली घरातल्यासारखी वाटली की चांगली. या दोन्ही वाक्यांत ती वस्तू स्वतः कशी आहे, याबद्दल एक अक्षरही नाही.

हौसेने केलेल्या वस्तूंची समीक्षा आपण करत नाही. कवितेची करतो, सिनेमाची करतो, मिसळीची तर तावातावाने करतो. पण कुणी स्वतः केलेले कानातले किंवा तोरण दाखवलं, की 'सुंदर', 'मस्त' आणि एक बदाम, एवढ्यावर विषय संपतो. आपल्याला हे सौजन्य वाटतं. मला मात्र वाटतं, की यात वस्तूचा आणि ती करणाऱ्याचाही अनादर आहे, आणि त्याची भरपाई शेवटी कुणीतरी रुपयांत करतं.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनियर आहे आणि गेली चार वर्षं क्रोशाचं विणकाम करतो. आमच्या धंद्यात लिहिलेला कोड आधी रिव्ह्यूला जातो. सहकारी तो ओळीओळीने वाचतात. 'हे असं का केलंस?', 'इथे रिकामी यादी आली तर काय होईल?' असे प्रश्न विचारतात. कुणी नुसतं 'छान आहे' लिहून पुढे गेलं, तर त्याने तो वाचलाच नाही, हे सगळ्यांना कळतं. रिचर्ड सेनेट या समाजशास्त्रज्ञाने २००८ साली आलेल्या 'द क्राफ्ट्समन' या पुस्तकात लिनक्स लिहिणाऱ्या प्रोग्रामरांना कारागिरांच्या पंगतीत बसवलंय. आम्हाला ते फार आवडलं. पण पंगत एकच असेल, तर आमच्या ताटात प्रश्न आणि क्रोशा करणाऱ्या बाईच्या ताटात नुसतं कौतुक, हे काय वाढप झालं? माझ्या हातात सुई बघून लोक 'काय स्किल आहे' म्हणतात. माझ्या आत्याच्या हातात तीच सुई चाळीस वर्षं आहे, आणि तिला 'हौस आहे तिला' असं म्हणतात.

समीक्षा करायची तर कसोटी हवी. 'हाताने केलं आहे' ही कसोटी होऊ शकत नाही, हे डेव्हिड पाय या इंग्रज लाकूडकाम करणाऱ्या प्राध्यापकाने १९६८ सालीच 'द नेचर अँड आर्ट ऑफ वर्कमनशिप'मध्ये दाखवून दिलं. त्याचं म्हणणं साधं आहे. हात आणि यंत्र अशी विभागणी करून हाती काही लागत नाही. सुतारही पट्टी लावतो, साचा वापरतो. खरा फरक जोखमीचा आहे. काम चालू असताना शेवटपर्यंत ते बिघडू शकतं, आणि बिघडणं न बिघडणं करणाऱ्याच्या लक्षावर, हातावर, अंदाजावर ठरतं, ती जोखमीची कारागिरी. काम सुरू होण्याआधीच परिणाम ठरलेला असतो, ती खात्रीची कारागिरी. दोन्हींत चांगलं-वाईट असतं. पण आपण कशाला दाद देतोय, हे या फरकामुळे कळतं.

ही कसोटी आपल्याकडच्या तीन वस्तूंना लावून बघू.

पहिली, रेझिनची कीचेन. सध्या कुठल्याही प्रदर्शनात दर तिसऱ्या टेबलावर ती असतेच. सिलिकॉनचा साचा, रेझिन आणि हार्डनर ठरल्या प्रमाणात, आत वाळलेलं फूल किंवा सोनेरी वर्ख. आकार साच्याने ठरवलेला, अक्षराचं वळण साच्याचं, कडसुद्धा साच्याची. जोखीम उरते ती प्रमाण चुकण्याची आणि बुडबुडे राहण्याची. म्हणजे 'हँडमेड' पाटीखालची ही वस्तू पायच्या हिशेबात बरीचशी खात्रीची कारागिरी आहे. त्यात कमीपणा काही नाही. मात्र तिथे बघण्याची जागा बदलते. करणाऱ्याने स्वतः ठरवलेली एकच गोष्ट म्हणजे आत काय ठेवायचं आणि कुठे. बहुतेक कीचेनमध्ये नेमकी तिथेच भरताड असते. फूल, वर्ख, मोती, नाव, सगळं एकात. जिथे निवड करायची होती, तिथे निवड टाळलेली.

दुसरी, हलव्याचे दागिने. पायला ही वस्तू दाखवायला हवी होती. तीळ, खसखस किंवा साबुदाणा मंद आचेवर घ्यायचा, थोडाथोडा पाक सोडायचा आणि हाताने हलवत राहायचं. घाई केली तर दाणे चिकटून गोळा होतो आणि आच वाढली तर हलवा पिवळा पडतो. थंडी चांगली असेल तर काटा छान येतो. दाण्याला भोक पाडायला गेलं तर तो फुटतो, म्हणून जुन्या पद्धतीत तो दोऱ्याच्या गाठीत अडकवतात. गाठ सैल राहिली तर दाणा निसटतो, जास्त आवळली तर काटा मोडतो. जोखीम पहिल्या थेंबापासून शेवटच्या गाठीपर्यंत. आणि हे सगळं संक्रांतीच्या एका दिवसासाठी, नव्या सुनेच्या किंवा बोरन्हाणाला बसलेल्या बाळाच्या अंगावर. नंतर मुंग्या लागतात.

या दागिन्यांमागे एक पक्की दृश्य-कल्पना आहे. काळी साडी आणि तिच्यावर पांढरा काटेरी दाणा. खोलीच्या दुसऱ्या टोकाहूनही तो हार नजरेत भरतो. सोनं चमकून जे करतं, ते साखर नुसत्या विरोधातून करते. आता बाजारात मिळणारे बरेचसे सेट पुठ्ठ्यावर हलवा चिकटवून, भोवती सोनेरी लेस, लाल-हिरवे खडे, मोत्यांचे झुपके लावून केलेले असतात. ते फोटोत 'भरगच्च' दिसतात. पण पांढऱ्याच्या शेजारी सोनेरी आलं की पांढरा विझतो आणि हलवा मण्यांमधली भर होऊन बसतो. मग ते हलव्याचे दागिने न राहता, हलवा लावलेले खोटे दागिने होतात. पुठ्ठा ही काही पापाची गोष्ट नव्हे. मुकुटाला, बाजूबंदाला तो लागतोच. माझी तक्रार, सामग्रीवर विश्वास न ठेवण्याची आहे.

तिसरी वस्तू क्रोशाची पिशवी, म्हणजे माझ्याच अंगणातली. इथे पायची कसोटी थोडी अडखळते. क्रोशात एका वेळी एकच फास उघडा असतो. सुई काढून दोरा ओढला, की साखळ्या, खांब, मुके खांब सरसर उसवत जातात आणि दोरा पुन्हा होता तसा. साहित्य सहसा वाया जात नाही. प्रोग्रामरला हे फार ओळखीचं वाटतं, कारण मागे जाता येतं. मग जोखीम कुठे गेली? ती दोऱ्यातून वेळात गेली. सहाव्या ओळीत एक खांब कमी पडला आणि ते विसाव्या ओळीत लक्षात आलं, तर दोरा शिल्लक राहतो, संध्याकाळ जाते. क्रोशात पणाला लागतात ते तास, आणि तयार पिशवीत ते कुठेच दिसत नाहीत.

शिवाय क्रोशाचे टाके जसेच्या तसे घालणारी यंत्रं आजही कारखान्यांत नाहीत. यंत्रावर क्रोशासारखं दिसणारं विणलेलं कापड निघतं, पण तो खरा क्रोशा नसतो. म्हणजे मॉलमध्ये खऱ्या क्रोशाचा स्वस्त टॉप टांगलेला दिसला, तर कुणीतरी माणसाने तो सुईने, टाका टाका घालून केलेला आहे. तो स्वस्त कसा, याचं उत्तर कुणाच्या तरी तासांत आहे.

हे उत्तर मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी शोधलं होतं. आंध्रातल्या पश्चिम गोदावरीच्या भागात, नरसापूरच्या आसपास, बायका क्रोशाची लेस विणतात. ही कला तिथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी आणली. 'द लेस मेकर्स ऑफ नरसापूर' हे मीस यांचं पुस्तक १९८२ साली आलं. लेस परदेशी जात होती, व्यापारी आणि निर्यातदार कमावत होते, आणि दिवसाचे कित्येक तास विणणाऱ्या बायकांना नगावर किरकोळ पैसे मिळत होते. असं का चालत होतं? कारण त्या 'कामगार' नव्हत्या, 'गृहिणी' होत्या, आणि त्यांचं विणणं 'फावल्या वेळातलं' होतं. मीस यांच्या पुस्तकाची सगळी धार या एका शब्दावर आहे. फावला वेळ असं म्हटलं, की त्या वेळेला दर लावावा लागत नाही.

आता आपल्याकडच्या प्रदर्शनात येऊ. माझ्या हाताला एका मध्यम पिशवीला अकरा तास लागतात. दोरा, अस्तर, बंद मिळून दोनशे रुपये. ती सहाशेला विकली तर तासाला छत्तीस रुपये पडतात, तेही टेबलाचं भाडं न धरता. मी पिशव्या विकत नाही, देतो. पण माझ्यासारखे पगारदार छंदिष्ट शनिवार-रविवारी स्टॉल लावतात आणि मोठ्या मनाने म्हणतात, "दोऱ्याचे पैसे निघाले तरी पुष्कळ झालं." हे वाक्य प्रेमळ आहे. शेजारच्या टेबलावर जिचं घर याच विणकामावर चालतं, तिला मात्र ते महाग पडतं. गिऱ्हाईक दोन्ही पिशव्या हातात घेतं आणि तिला विचारतं, "ते तीनशेला देतायत, तुम्ही नऊशे कसे म्हणता?" तिच्या पिशवीचा टाका घट्ट आहे, तळ सपाट बसलाय, बंद वजनाने लांबणार नाहीत. पण हे बघायचं कसं, ते गिऱ्हाइकाला कुणी सांगितलेलंच नसतं. दोन्ही 'सुंदर' आहेत. दोन्ही सुंदर असतील, तर माणूस स्वस्त घेणारच. समीक्षा नसल्याची किंमत रुपयांत मोजली जाते म्हणालो, ती ही.

समीक्षेची भाषा आपल्याकडे नव्हतीच, असं मात्र नाही. ती होती, आणि चांगली धारदार होती. 'टाका ओढला गेलाय', 'वीण सैल पडलीय', 'पाक पुढे गेला', 'काटा बसका आलाय'. भरतकाम बघताना बायका आधी उलटी बाजू बघत. धारवाडकडच्या कसुतीत तर गाठ मारायची नाही आणि गवंतीचा टाका दोन्ही बाजूंनी सारखाच दिसला पाहिजे, हा दंडक. माजघरातल्या या शेऱ्यांना कुणी समीक्षा म्हटलं नाही, 'खोड काढणं' म्हटलं. पण प्रत्येक शेऱ्यात नेमकं ठिकाण आहे, कारण आहे आणि पुढच्या वेळी काय करायचं त्याची सूचनाही आहे. ही भाषा टोचायचीही, विशेषतः सासरी आणि विशेषतः नव्या मुलीला. ती टोचणी गेली हे बरंच झालं. पण तिच्याबरोबर नेमकेपणाही गेला, आणि त्याच्या जागी बदाम आला.

म्हणून माझी मागणी लहान आहे. पुढच्या वेळी कुणी स्वतः केलेली वस्तू हातात दिली, तर ती उलटी करून बघा. जोड कुठे लपवलाय, ते शोधा. 'हा रंग इथेच का थांबवला?' असं विचारा. 'कुठे उसवावं लागलं?' असं विचारा, कारण ते सांगताना करणारा माणूस हमखास खुलतो. आणि 'किती तास लागले?' हेही विचारा. उत्तर ऐकल्यावर किंमत कमी करून मागायला जीभ सहसा रेटत नाही.

एवढं झाल्यावर 'सुंदर' म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं. तोवर त्या शब्दाला काहीतरी वजन आलेलं असेल.